रुखवताखालचं नाव

हिमायतनगर, हैदराबाद
१२ मार्च २०१२

ति. सौ. प्रमिलाताईस,

त्रिवेणीचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. प्रत्यक्षात मंगळवारपासून माझी कंबर धरली आहे आणि मी पाठीला उशी लावून बसले आहे. तेव्हा आठांपैकी जेवढी अंगं वाकतात तेवढ्यांचा नमस्कार मान्य कर.) तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींची साखर आटोक्यात आहे का? आमच्याकडे शशिकांत ठीक आहेत, मी ठीक नाही, आणि त्याचं कारण तुला माहीत आहे.

हिमायतनगरहून विद्यानगरला पोस्टाने पत्र टाकणारी मी या शतकातली पहिली बाई असेन. रिक्षाने पंधरा मिनिटांची वाट. पण इलाज नाही. फेसबुकवर तू मला बंद केलं आहेस, मोबाइल उचलत नाहीस, आणि घरचा फोन भाऊजी उचलतात आणि सांगतात की तू अंघोळीला गेली आहेस. गुरुवारी तू चार वेळा अंघोळीला गेलीस. (वेळा डायरीत आहेत : साडेनऊ, सव्वाअकरा, दोन आणि पावणेसहा. तुमच्या गल्लीत एक दिवसाआड पाणी येतं हेही मला ठाऊक आहे.) भाऊजींनी पस्तीस वर्षं वकिली केली. खोटं बोलताना त्यांचा आवाज जराही हलत नाही, पण खोटं निवडताना आता ते पूर्वीसारखे कष्ट घेत नाहीत.

शनिवारी त्यांनी हेमंतरावांबरोबर पाठवलेला मसुदा मिळाला. बिचारे हेमंतराव पन्नाशीचे गृहस्थ, इतकी वर्षं भाऊजींचे कारकून, पण कुणाच्या घरी रुखवताच्या प्रतिज्ञालेखावर सही घ्यायला आपण जाऊ असं त्यांना कधी वाटलं नसेल. त्यांनी चहा घेतला, दोनदा पोहे घेतले आणि सही न घेता गेले. सही का केली नाही ते सविस्तर लिहिते. तू रागाने पत्र मध्येच ठेवशील म्हणून मुख्य गोष्ट आधी सांगून टाकते. मी अल्बम काढणार नाही.

झालं ते सगळं तुला ठाऊक आहे. तरी मी क्रमाने लिहिते, कारण क्रमाने लिहिलं की आपली चूक नेमकी कुठे झाली ते मला सापडतं. शिवाय हे पत्र भाऊजीही वाचणार आणि त्यांना क्रमाशिवाय चालत नाही.

मी रुखवतं करायला लागले त्याला आठ वर्षं झाली. मैनाबाईंच्या घरचं पहिलं, तुझ्या नेहाचं बहुधा चाळिसावं. बेगम बाजारातून गोणीभर सुपारी, खोबरं, लवंगा, वेलदोडे आणायचे, शेजारच्या भामाबाईंना हाताशी घ्यायचं आणि दोघींनी मिळून डोली, तुळशीवृंदावन, सप्तपदीची पावलं, काजूचा चारमिनार असं सगळं उभं करायचं. (चारमिनार ही माझी भर. पुण्याकडच्या व्याह्यांना तो फार आवडतो, कारण त्यांना तेवढाच माहीत असतो.) काम मला येतं. हे मी गर्वाने लिहीत नाही. गर्वाने लिहिते आहे का ते तपासून पाहिलं, थोडा आहे, राहू दे.

पण या धंद्याची एक रीत आहे आणि ती या शहरातल्या प्रत्येक मराठी घराला न सांगता कळते. रुखवत मुलीने आणि तिच्या घरच्या बायकांनी हाताने केलेलं असतं. म्हणजे तसं म्हणायचं असतं. पूर्वी खरोखर करत असतील. आता मुली माधापूरच्या काचेच्या इमारतींमध्ये दिवसभर बसतात, आया शाळेत नाहीतर बँकेत, आणि मावश्या मालिकेत. तेव्हा करते मी. पण मी पहाटे हॉलच्या मागच्या दाराने यायचं, चादरीखाली झाकून सामान आणायचं, टेबल मांडायचं आणि वऱ्हाड यायच्या आत घरी जाऊन साडी बदलून पुढच्या दाराने पाहुणी म्हणून यायचं. एकदा नामपल्लीच्या हॉलवर जाताना रिक्षावाल्याने मागे वळून विचारलं, “अम्मा, चादर के नीचे कोई है क्या? बोलो, मैं आहिस्ता चलातूं.” मी म्हटलं, चारमिनार है. त्याने नामपल्लीपर्यंत खरंच आहिस्ता चालवलं.

याहून वाईट पुढे. काही घरांतून मला अशीही विनंती असायची की टेबलापाशी उभं राहून मीच विचारायचं, “अगंबाई, कुणी केलं हो हे सगळं?” म्हणजे मुलीच्या आईला उत्तर द्यायला निमित्त मिळतं. मी विचारायचे. वरमाईकडे बघून, डोळे मोठे करून, आपणच चिकटवलेल्या लवंगा वाकून वाकून बघायचे. एका लग्नात मी हे इतकं चांगलं केलं की वरमाईंनी मला समजावलं, “बाई, तुम्हालाही जमेल, सवयीने येतं.” त्या दिवशीच्या डायरीत मी फक्त एक ओळ लिहिली आहे : आज सात वेळा खोटं बोलले, पैकी एकदा स्वतःच्याच कामाचं कौतुक करताना.

हे मी आठ वर्षं केलं. म्हणून आज मी कुणाला सत्याचे धडे द्यायला लायक नाही, हे मला मान्य आहे. पण लायक नसलेल्या माणसानेही कधीतरी खोटं बोलणं थांबवायला हरकत नसावी.

आता फेसबुक. जानेवारीत नुमाईशचं प्रदर्शन चालू असताना नामपल्लीतच एका सभागृहात ‘घरगुती उद्योग आणि सोशल मीडिया’ अशी दोन दिवसांची कार्यशाळा झाली. शिकवणारे किशोर नावाचे टाय लावलेले गृहस्थ. अर्धं इंग्रजीत, पाव तेलुगूत आणि उरलेलं हिंदीत बोलायचे. मी नऊ पानं टिपणं काढली. त्यांचं म्हणणं असं की लोक वस्तू बघत नाहीत, गोष्ट बघतात. तेव्हा फोटो टाका, फोटोखाली त्याची खरी गोष्ट लिहा आणि ज्यांच्यासाठी वस्तू केली त्यांना फोटोला जोडा. यालाच टॅग म्हणतात. मी हात वर करून विचारलं, “सगळं खरं लिहायचं का?” ते म्हणाले, “मॅडम, ट्रुथ इज द बेस्ट मार्केटिंग.” माझ्या शेजारी लोणच्यावाल्या एक अक्का बसल्या होत्या, त्या हळूच म्हणाल्या, “ह्याच्या घरी लोणचं कोण घालतं विचार.” तेव्हा मला तो विनोद वाटला.

मी घरी येऊन ‘त्रिवेणी रुखवत’ असं पान काढलं आणि पाच आठवडे त्यावर काही टाकलं नाही, कारण मला विचार करायचा होता. (शशिकांत म्हणाले, “तू पाच आठवडे विचार करतेस आणि मग मागचापुढचा विचार न करता करतेस.” त्यांचं वाक्य मी तेव्हा डायरीत घेतलं नाही. आता घेतलं आहे.) फोटो माझ्याकडे होतेच. मांडून झालं की मी एकेक काढून ठेवते, भामाबाईंना दाखवायला. त्यांतली अकरा लग्नं निवडली आणि सव्वीस फेब्रुवारीच्या रविवारी दुपारी बाराला अल्बम टाकला. प्रत्येक फोटोखाली खरी गोष्ट लिहिली : लग्न कुणाचं, हॉल कोणता, वस्तू किती, दिवस किती लागले, काय बिघडलं. शेवटी एक ओळ, सर्व वस्तू त्रिवेणी आणि भामाबाई यांनी केल्या. मग किशोरसरांच्या सांगण्याप्रमाणे नावं जोडली.

ताई, माझी चूक इथे आहे, आणि ती पूर्ण कबूल करते. टॅग म्हणजे काय हे मला कळलंच नव्हतं. मला वाटलं, आहेराच्या पाकिटावर ‘चि. सौ. कां. अमुकतमुक हिस सप्रेम’ लिहितो ना, तसं ते आहे. ज्याचं नाव त्यालाच पोचतं, त्याला बरं वाटतं, दुसऱ्या कुणाला कळत नाही. म्हणून मी नुसत्या मुलींनाच नाही, सापडल्या तितक्या सासवा, नणंदा, जाऊबाई, एक दोन मेहुणेही जोडले. कुणाला वाईट वाटायला नको, आपल्याला वगळलं म्हणून. एका फोटोला मी चौदा माणसं जोडली. मग समाधानाने वरणभात जेवले आणि आडवी झाले.

उठले तेव्हा मोबाइलवर एकतीस मिस कॉल होते. बत्तिसावा वाजत होता. ते लक्ष्मणराव हेडमास्तर. त्यांची मुलगी सासरी दिलसुखनगरला, तिने रुखवताच्या जोरावर तिथल्या महिला मंडळात हस्तकलेचा वर्ग काढला आहे, हे मला माहीत असायचं कारण नव्हतं. बावीस बायका येतात. त्यांतल्या वीस जणींनी अल्बम पाहिला. लक्ष्मणराव मला ओरडले नाहीत. शिक्षक ते. म्हणाले, “त्रिवेणीबाई, तुम्ही एम. ए. ना? मग एम. ए.ला काय शिकलात?” मी प्रामाणिकपणे सांगितलं, की संतसाहित्य. त्यांनी फोन ठेवला. त्याच वेळी पानावर आमच्या खालच्या मजल्यावरच्या अक्का कौतुकाने लिहीत होत्या, “सूपर अक्का, चाला बागुंदि,” आणि खाली दोन बायका एकमेकींना विचारत होत्या की ही डोली तर आपण सुमनच्या लग्नात तिच्याच हातची म्हणून पाहिली होती ना.

आणि मग तुझा फोन आला. तू काय बोललीस ते मी लिहीत नाही, कारण मला ते तसंच्या तसं आठवतं. पण तू का बोललीस ते मला समजतं, आणि हे मी मनापासून लिहिते. नेहा आणि हर्षवर्धनने ऑफिसातच जमवलं. ते लोक मूळचे उदगीरकडचे शेतकरी, इथे बियाण्यांचं मोठं दुकान, घरातल्या बायकांचा कामात कुणी हात धरणार नाही. बोलणी करायला आल्या तेव्हा हर्षवर्धनच्या आई, चतुराबाई, तुझ्या दिवाणखान्यात, तुझ्याच सोफ्यावर बसून म्हणाल्या होत्या, “वकिलाच्या घरी समदी कामं तोंडानंच होत असतील.” ते तुला लागलं. मलाही लागलं. म्हणून तर नेहाच्या रुखवताला मी एकोणीस दिवस घातले. डिसेंबरात लग्नात त्याच चतुराबाई सगळ्या भावकीला घेऊन टेबलाभोवती तीन वेळा फिरल्या आणि तू पदर सावरत म्हणालीस, “आमच्या नेहाला लहानपणापासून नादच आहे.” मी शेजारी उभी होते. मीच विचारलं होतं, कुणी केलं म्हणून.

त्याचं पुढे असं झालं की नेहाच्या नणंदेचं, शिल्पाचं, वैशाखात लग्न ठरलं आणि चतुराबाई म्हणाल्या, बाहेर कुठं जायची गरज नाही, आपल्या घरात रुखवतवाली सून आली आहे. आपल्या नेहाला सेलोटेपचं टोक सापडत नाही, ताई. मग तू आणि मी ठरवलं की मी इथे करायचं आणि नेहाने दर रविवारी माहेरी येऊन एकेक वस्तू पिशवीतून सासरी न्यायची, जणू इथे बसून केली. डोलीचे चार खांब पोचले होते. पाचव्या रविवारी मी अल्बम टाकला.

तेव्हा नेहाचं काय होणार ही तुझी काळजी आहे आणि ती खरी आहे. सासरी तीन महिने झालेली मुलगी खोटी ठरली तर तिचं बसणं-उठणं अवघड होतं. म्हणून भाऊजींनी मसुदा केला, की सही करणार सौ. त्रिवेणी, वय ४४, धंदा घरकाम, हिने लिहून द्यावं की नेहाचं रुखवत नेहानेच केलं, मी हौसेने फोटो काढले आणि ते आपले म्हणून टाकले. आणि हा कागद चतुराबाईंना दाखवायचा. सही केली नाही तर आपल्या सगळ्या गोतावळ्यातून एकही काम मला मिळणार नाही, असं तू निरोपात कळवलंस. मी दिवसभर खरोखर विचार केला. शनिवारी संध्याकाळी पेनही उघडलं. नेहाला मी अंगाखांद्यावर खेळवलं आहे. मी स्वतःला विचारलं, एका कागदाने पोरीचा संसार सुखाचा होणार असेल तर तुझ्या नावाचं एवढं काय?

पण पेन टेकवताना ‘धंदा घरकाम’ वर नजर गेली.

ताई, जरा नेहाच्या लग्नाचा हॉल डोळ्यासमोर आण. आपल्या लहानपणी लग्नात सगळं घरचं असायचं हे खरं. आता बघ. जेवण केटररचं आणि त्याच्या माणसांच्या पाठीवर त्याचं नाव. मांडव दुसऱ्याचा, कमानीवर त्याचा बोर्ड. मेंदीवालीने नेहाच्या तळहातावर कोपऱ्यात स्वतःचा फोन नंबर काढला होता, तो मी वाचला. फोटोवाल्याचं नाव प्रत्येक फोटोच्या खालच्या कडेला. गुरुजींनी अक्षता वाटताना आपलं कार्ड वाटलं. वीस वर्षांत या देशात सगळं विकत मिळायला लागलं आणि कुणाला त्याची लाज राहिली नाही, उलट कुठून घेतलं ते आपण आधी सांगतो. मग त्या अख्ख्या हॉलमध्ये एकट्या मीच चादर पांघरून मागच्या दाराने का यायचं? लग्न विकत घेतलं हे चालतं, फक्त माया विकत घेतली असं दिसायला नको, म्हणून का? तसं असेल तर मी सांगते, मायाही त्यात होती. एकोणीस दिवसांची होती. फक्त ती माझी होती.

म्हणून मी पेन बंद केलं. तुमचं सोडून बाकीच्या दहाही घरांना फोन करून, न विचारता माणसं जोडली याची क्षमा मागितली. (आठ जणांनी ऐकून घेतलं, एकीने मध्येच ठेवला, आणि लक्ष्मणराव म्हणाले, “लेखी द्या.” दिली.) सगळ्या माणसांची नावं फोटोवरून काढली, हॉल काढले, तारखा काढल्या. आता कुणाचं कुठलं ते परक्याला कळत नाही. जे कळलं ते मला परत घेता येत नाही आणि त्याची टोचणी मला राहील. पण खाली आमची दोघींची नावं आहेत ती राहणार. तुमची नावं तिथे नेणं ही माझी चूक होती. माझं नाव तिथे असणं ही नाही.

आता काल काय झालं ते सांगते. रविवार, सकाळी अकरा. दारात चतुराबाई. एकट्या, रिक्षाने. मी दार धरून उभीच राहिले, तर म्हणाल्या, “आत घ्या की. का सही करून देऊ?” म्हणजे मसुद्याची बातमी तिथपर्यंत पोचली होती. (कशी ते मी विचारलं नाही. हेमंतराव त्यांच्याच दुकानातून बियाणं नेतात, एवढं फक्त लिहून ठेवते.) त्या बसल्या, पाणी प्यायल्या, भामाबाईंना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, “मला काय येडी समजता का माय तुम्ही? पोरगी आली त्याच आठवड्यात तिच्या नवऱ्याच्या शर्टाचं बटण तुटलं. तिनं शर्टच नवा आणला. मी तवाच वळखलं, की हिनं डोली केली असंल तर मी विमान चालवलं असंल.”

मी विचारलं, मग शिल्पाचं रुखवत तिलाच करायला कशाला सांगितलंत?

“बघायचं होतं, विद्यानगरचे लोक कुठवर ताणतेत. दर ऐतवारी पोरगी पिशवीत एक खांब घेऊन यायची अन् मला म्हणायची, आत्या, आईकडं बसून केला. मी म्हणायची, छान झाला बाळा. चार खांब झाले. मी म्हटलं, छत कोन्या ऐतवारी येतंय बघू.”

ताई, नेहाचं काय, हे मी सगळ्यात आधी विचारलं, विश्वास ठेव. त्या म्हणाल्या, “तिचं काय व्हायचंय. फोटू आला त्याच दिशी माझ्याजवळ येऊन रडली अन् खरं सांगितलं. मी म्हटलं, रडू नको, भाकर थापायला ये. आता थापती. भारताचा नकाशा येतो तव्यावर, पर खरा येतो.” नेहाने हे तुला सांगितलं नाही, कारण तू तिला सांगून ठेवलं आहेस की काही झालं तरी कबूल करायचं नाही. म्हणजे गेले दोन आठवडे आई मुलीला वाचवते आहे आणि मुलगी आईला. आणि दोघींच्या मध्ये खोटी मी.

मग त्या मुद्द्यावर आल्या. शिल्पाचं रुखवत मीच करायचं. उघडपणे, डोलीचं छत धरून. मला इतका आनंद झाला की मी भामाबाईंना चहात आलं जास्त घालायला सांगितलं. चहा पिता पिता त्या म्हणाल्या, “फकस्त एक. पाटीवर तुमचं नाव नको. शिल्पानं केलं म्हणून लिवा. तिकडचे लोक लई बघतेत.”

मी कप खाली ठेवला. खरं सांगते, हसू आलं आणि रडूही. मी म्हटलं, चतुराबाई, तुम्ही एवढ्या पारखी बाई, तुम्हीसुद्धा? त्या म्हणाल्या, “दुसऱ्याचं उघडं पाडणं येगळं अन् आपलं झाकणं येगळं, एवढं बी तुम्हाला पुस्तकात शिकवलं नाही का?” मी म्हटलं, नाव राहील. टेबलाच्या कोपऱ्यात, लहान अक्षरांत, पण राहील. नसेल जमत तर दुसरीकडे करा, माझ्या शुभेच्छा. भामाबाईंनी मागून माझी कोपर ओढली. मी ऐकलं नाही. गोतावळा गेला, उदगीर गेलं, अकरा घरं गेली. मग राहिलं कोण, हे मला भामाबाईंनी नंतर विचारलं. पण त्या वेळी पाठ ताठ होती. (कंबर धरली आहे म्हणूनही असेल. दोन्ही कारणं नोंदवते.) चतुराबाई उठल्या, चपला घालता घालता म्हणाल्या, “इचार करते,” आणि गेल्या.

तर असं आहे. मसुदा सोबत परत पाठवते. तुझ्यावर राग नाही. माझ्यावर असेल तर राहू दे, तो खरा आहे, आणि खरी गोष्ट कुणाला काढून टाक म्हणायला मी आता कोण. भाऊजींना नमस्कार, त्यांना साखर घालून चहा देऊ नकोस.

तुझी मामेबहीण,
त्रिवेणी
(धंदा : रुखवत)

ता. क. चतुराबाईंच्या भेटीतली एक गोष्ट मी वर लिहिली नाही. पत्र पुन्हा वाचलं तेव्हा ती गाळणं मुद्दाम होतं असं लक्षात आलं, म्हणून लिहिते. चपला घातल्यावर त्या परत फिरल्या, मोबाइल काढला, नेहाच्या रुखवताचा फोटो मोठा करून माझ्या नाकापुढे धरला आणि डोलीच्या मागे बोट ठेवून म्हणाल्या, “ही स्कूटर तुमची न्हाई. याचा हात येगळाय.”

ताई, मी त्या पहाटे टेबल मांडायला आले तेव्हा ती डोलीमागे रुमालाखाली ठेवलेली होती. खोबऱ्याच्या वाटीची स्कूटर, सुपारीची चाकं, एक मोठं एक लहान, पुढे टोपीवाले भाऊजी आणि मागे शाळेत निघालेली नेहा, लवंगांच्या दोन वेण्या घातलेली. तुझ्या उजव्या अंगठ्याला त्या दिवशी खळ लागलेली होती, सप्तपदी होईपर्यंत निघाली नव्हती. वाकडी झाली म्हणून तू कुणाला दाखवली नाहीस. मी ती काढून टाकली नाही, पुढेही आणली नाही. आणि अल्बमात मात्र लिहिलं, सर्व वस्तू त्रिवेणी आणि भामाबाई यांनी केल्या. इतकी पानं मी नावावरून भांडते आहे आणि जे एक नाव लिहायचं होतं ते मीच खाल्लं. काल ती ओळ दुरुस्त केली.

ता. क. २. मसुद्यातलं तिसरं कलम असं आहे : ‘सदर रुखवतातील सर्व वस्तू मी स्वतः केलेल्या नाहीत.’ हे एकच कलम खरं आहे. बाकीची तीन खोडून मी त्याच्याखाली सही केली आहे. (वर सही केलेली नाही असं लिहिलं ते लिहितेवेळी खरं होतं.) हा कागद भाऊजींनी हवा त्याला दाखवावा.

ता. क. ३. खरं तर पत्र लिहायला बसले ते यासाठी. अल्बमातल्या काजूच्या चारमिनाराला कुणी विचारत नाही. विचारतात ते त्या स्कूटरला. आतापर्यंत नऊ जणांनी. एकीला वडिलांची सायकल हवी आहे, एकीला आईचं शिलाई मशीन, सिकंदराबादच्या एका तेलुगू बाईंना अख्खी रेल्वे क्वार्टर. मी आणि भामाबाईंनी तीन दिवस प्रयत्न केला, कंबर त्यातच गेली. आमची चाकं फार गोल होतात. आज सकाळी चतुराबाईंचाही निरोप आला, की स्कूटरवालीच्या हातचं बियाण्यांचं दुकान मिळणार असेल, गादीवर बसलेल्या शिल्पाच्या वडिलांसकट, तर पाटीवर हवी ती नावं लिहा.

गुरुवारी दुपारी ये. खोबरं मी आणून ठेवते. आणि मला एवढंच कळव, तुझं नाव पाटीवर कसं लिहू : ‘सौ. प्रमिला श्रीनिवास’ की नुसतं ‘प्रमिला’? भाऊजींना विचारू नकोस. तूच सांग.